ओसरीवरचा पाहुणा

माझ्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी आहे. ही गोष्ट मी स्थळ बघायला आलेल्या मंडळींसमोर काढत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे लिनक्स ना?" नाही. लिनक्सचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सच्या शाखेतून निघालेली, १९९३पासून लोक मिळून सांभाळत आलेली, कोड सगळ्यांसाठी खुला असलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तुम्ही ती कधी वापरली नसेल, पण तिचा हात तुम्हाला रोज लागतो. प्लेस्टेशन ४ तिच्यावर उभा आहे. नेटफ्लिक्सवरचा व्हिडिओ तुमच्या फोनपर्यंत ज्या सर्व्हरमधून येतो, ते सर्व्हरसुद्धा फ्रीबीएसडीवर चालतात. एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट व्हिडिओ कसा बाहेर काढला, हे त्यांच्या इंजिनियरने २०२१मध्ये एका परिषदेत सगळ्यांसमोर उलगडून सांगितलं होतं.

आता गंमत बघा. तो व्हिडिओ फ्रीबीएसडीवरून निघतो, पण फ्रीबीएसडीवर उतरत नाही. ब्राउझर उघडा, पैसे भरा, प्ले दाबा. पडदा काळा.

मला हा काळा पडदा पहिल्यांदा दिसला तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, २०१५मध्ये. तेव्हा खलनायक वेगळा होता, फ्लॅश. सेकंड हँड थिंकपॅड घेतलेला, एका सीनियरने पेनड्राइव्हवरून फ्रीबीएसडी टाकून दिलेली, आणि प्रॅक्टिकलची अर्धी सिम्युलेशन्स फ्लॅशमध्ये. अडोबीने फ्लॅश विंडोजसाठी दिलं, मॅकसाठी दिलं, लिनक्ससाठी रडतखडत दिलं. फ्रीबीएसडीसाठी कधीच दिलं नाही. कोड बंद, त्यामुळे कुणी स्वतः बांधून घ्यायचा प्रश्नच नव्हता.

मग लोकांनी जो उपाय काढला होता तो मला आजही जादूसारखा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

कुठलाही प्रोग्रॅम स्वतः फारसं काही करू शकत नाही. फाइल उघडायची, स्क्रीनवर लिहायचं, मेमरी मागायची, या सगळ्यासाठी तो कर्नलकडे जातो. तिथे नाव चालत नाही, नंबर चालतो. ६४-बिट लिनक्सवर १ नंबर म्हणजे 'लिही'. फ्रीबीएसडीवर १ नंबर म्हणजे 'प्रोग्रॅम संपव'. म्हणजे लिनक्ससाठी बनलेला प्रोग्रॅम फ्रीबीएसडीवर तसाच सोडला, तर तो बिचारा म्हणणार "एवढं लिहून घ्या", आणि कर्नल त्याला घरी पाठवणार.

फ्रीबीएसडीने यावर सरळ तोडगा काढला. प्रोग्रॅम सुरू होताना त्याची जात ओळखायची (इथे जात विचारायला माझी हरकत नाही), आणि तो लिनक्सचा असेल तर नंबरांचा दुसरा तक्ता हातात घ्यायचा. हे एम्युलेशन नाही. प्रोसेसरची नक्कल कुणी करत नाही. सीमाभागातल्या बँकेत कानडी बोलणाऱ्याशी कानडीत आणि मराठी बोलणाऱ्याशी मराठीत बोलणारा कारकून असतो ना, तसं. काउंटर तोच, तिजोरी तीच.

पण एक अडचण राहते. प्लगइन हा स्वतंत्र प्रोग्रॅम नसतो. तो ब्राउझरच्या पोटात शिरून चालतो, आणि एका प्रोसेसला तक्ता एकच. ब्राउझर फ्रीबीएसडीचा आणि पोटातलं प्लगइन लिनक्सचं, हे जमत नाही. तेव्हा एनएसप्लगइनरॅपर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो ब्राउझरला सांगायचा, "मीच फ्लॅश." आणि मागच्या दाराने खऱ्या फ्लॅशला लिनक्सच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून दोघांमध्ये निरोप्याचं काम करायचा. एका हातात ६४-बिट फायरफॉक्स, दुसऱ्या हातात ३२-बिट फ्लॅश, मध्ये हा. दर अर्ध्या तासाने फ्लॅश कोसळायचं, ब्राउझर मात्र उभा राहायचा. मागची प्रोसेस मारायची, पान रिफ्रेश करायचं, ट्रान्झिस्टरचा आलेख पुन्हा काढायचा. रूममेट म्हणायचा, "अरे, माझ्या विंडोजवर कर ना, दोन मिनिटांचं काम आहे." त्याचं बरोबर होतं. पण त्या दोन मिनिटांत मला सिस्टिम कॉल म्हणजे काय हे कळलं नसतं, आणि आज ज्या ज्ञानावर पगार घेतो त्यातलं बरंचसं त्या आलेखाच्या नादात शिकलोय.

फ्लॅश पुढे गेलं. ३१ डिसेंबर २०२० ही शेवटची तारीख, आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरने स्वतःहून काही चालवायला नकार दिला. आज जुनी फ्लॅश खेळणी बघायची असतील तर रफल नावाचा खुला प्रकल्प आहे. तो ब्राउझरमध्येच चालतो, त्यामुळे माझ्या मशीनवरही चालतो. मालक जिवंत असताना जे मिळालं नाही ते त्याच्या माघारी मिळालं.

तोवर प्लगइन हा शब्दच ब्राउझरमधून हद्दपार झाला होता. सगळं एचटीएमएल५मध्ये, सगळं खुलं, असं आम्हाला कॉलेजात शिकवत होते. त्याच सुमारास, १८ सप्टेंबर २०१७ला, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने ईएमई नावाची गोष्ट अधिकृत केली, आणि डिजिटल हक्कांसाठी भांडणारी ईएफएफ ही संस्था त्याच दिवशी तिथून बाहेर पडली. ईएमई म्हणजे खुल्या घरात ठेवलेली बंद पेटी. व्हिडिओ कुलूप लावूनच येतो. ब्राउझर तो पेटीकडे सरकवतो, पेटी सर्व्हरकडून किल्ली आणते, कुलूप उघडते. पेटीत काय चाललंय ते ब्राउझरलाही कळत नाही. बहुतेक ठिकाणी ही पेटी गुगलची, तिचं नाव वाइडवाइन. विंडोज, मॅक, अँड्रॉइड, क्रोमओएस आणि लिनक्स यांच्यासाठी ती मिळते. फ्रीबीएसडीचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे प्लगइन गेलं म्हणायचं आणि तेच वेगळ्या नावाने आत घ्यायचं.

हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. अंगावर आलं ते एप्रिल २०२१मध्ये. दुसरी लाट, कडक निर्बंध, मी पुण्याहून कराडला घरी. आण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, फोनवर बारीक दिसायचं नाही, आणि घरातला टीव्ही स्मार्ट वगैरे होण्याच्या आधीच्या पिढीचा. आण्णांना नाटकाचं वेड. ड्युटीवरून आल्यावर ग्रीसचे हात धुऊन थेट नाट्यगृह गाठणारा माणूस. नाट्यगृहं बंद, म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनवरून यूपीआयने एका ओटीटीची वर्षाची वर्गणी भरली. आयुष्यातला त्यांचा पहिला ऑनलाइन व्यवहार. मग माझ्यासमोर येऊन बसले. "लाव आता तुझ्या मोठ्या स्क्रीनवर."

लावलं. तिसरी घंटा झाल्यासारखे आण्णा ताठ बसले. पडदा काळा, आणि इंग्रजीत एक ओळ: तुमचा ब्राउझर समर्थित नाही.

"काय म्हणतंय?"

"माझ्या सिस्टिमवर चालत नाही म्हणतंय, आण्णा."

"पैसं भरल्यात न्हवं आपण?"

या प्रश्नाला कुठल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये उत्तर नाही.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे लिनक्स टाकायचं. टाकता आलं असतं. पण माझा सगळा कामाचा पसारा त्या मशीनवर होता, आणि खरं सांगायचं तर हट्टही होता. ज्या मशीनचा प्रत्येक तुकडा मी वाचू शकतो, ते एका पेटीसाठी पुसायचं हे मनाला पटेना. त्याच महिन्यात फ्रीबीएसडी १३.० आलं होतं, लिनक्सचा तक्ता बराच सुधारून. मी हार्डडिस्कच्या एका कोपऱ्यात उबुंटूचा सांगाडा उभा केला, फक्त फाइल्स, कर्नल नाही. त्यात लिनक्सचं क्रोम घातलं. ते उठेना. त्याला सामायिक मेमरीची जागा हवी होती, ती माउंट करून दिली. त्याला लिनक्सच्या पद्धतीची प्रोसेसची यादी हवी होती, तीही दिली. तरी उठेना, कारण क्रोम स्वतःभोवती जी सुरक्षेची भिंत बांधतं तिच्यासाठी लिनक्स कर्नलमधल्या खास सोयी लागतात, आणि त्या आमच्या तक्त्यात नव्हत्या. शेवटी एकच मार्ग उरला: भिंत न बांधता सुरू हो, असा आदेश देऊन क्रोम चालवायचं.

ते चाललं. रात्री साडेअकराला नाटक सुरू झालं, आण्णा खुश. चित्र जरा मऊ होतं, कारण सॉफ्टवेअरमधल्या पेटीवर या कंपन्यांचा विश्वास कमी, म्हणून तिला हलक्या दर्जाचा व्हिडिओ देतात. त्यांना फरक पडला नाही. मला मात्र नाटक दिसत नव्हतं. डोक्यात एकच चाललं होतं: कुणाच्या तरी मालाचं रक्षण व्हावं म्हणून मी माझ्या दाराची कडी काढून ठेवली आहे.

मध्यंतरात चहा घेताना आण्णांना हे सगळं समजावून सांगितलं. पेटी, किल्ली, तक्ता, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "डिझेल पंपाला सील असतंय. शिशाचं. ते तोडायचा हक्क मेकॅनिकला नाही, ते कंपनीच्या माणसानंच तोडायचं. मी कधी तोडलं नाही, आणि मला त्याचा रागबी नव्हता. पण गाडी कऱ्हाड-चिपळूण रोडला घालायची का कऱ्हाड-विट्याला, हे पंप ठरवत नव्हता रं कधी."

दहा वर्षांत या विषयावर मी जे काही वाचलंय त्यात इतकं नेमकं काही आठवत नाही. कुलपाला माझा विरोध नाही. ज्यांनी नाटक उभं केलं त्यांना पैसे मिळावेत, म्हणून कुलूप असू दे. भांडण आहे ते रस्ता ठरवण्याशी.

दुसरी बाजूही मी बघितली आहे. पुढच्या नोकरीत आमच्या टीमकडे व्हिडिओ प्लेअर होता. कुठले ब्राउझर, कुठल्या सिस्टिम चालवायच्या याची एक तक्त्याची शीट असते. तिच्यात नाव नसलं की कुणी तुमचा द्वेष करत असतं असं नाही. तुमची मोजदादच झालेली नसते. टेस्टिंगला माणसं चार, फोनची मॉडेलं शेकडो, आणि कंटेंट देणाऱ्यांच्या करारात डीआरएमची अट. त्या खोलीत बसून फ्रीबीएसडीचं नाव काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत खापरपोळी मागण्यासारखं. हे समजतं. पण 'आम्ही तपासलेलं नाही' आणि 'चालणार नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि स्क्रीनवर कायम दुसरंच येतं. पुष्कळ साइट्स ब्राउझरने सांगितलेलं सिस्टिमचं नाव वाचून दारातूनच परत पाठवतात. नाव बदलून लिनक्स सांगितलं की काही ठिकाणी तेच दार बिनतक्रार उघडतं.

कायद्याचं विचाराल, तर आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने ६५ए कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. मी कुलूप चुकवत नाही. कुलूप, किल्ली, पेटी सगळं त्यांचंच, जसंच्या तसं. फक्त ते ठेवलेलं टेबल माझं आहे. टॉरेंटवरून उतरवणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याचा व्हिडिओ कुठल्याही मशीनवर, उत्तम दर्जाचा, पैसे न भरता चालतो. काळा पडदा फक्त पैसे भरणाऱ्याला दिसतो.

आता व्यवस्था बरी झाली आहे. फ्रीबीएसडीवरच्या लोकांनी पुन्हा तोच जुना निरोप्या शोधून काढलाय: ब्राउझर आपला, आणि वाइडवाइन तेवढं वेगळ्या लिनक्स प्रोसेसमध्ये. एनएसप्लगइनरॅपरचा नातूच. तरीही त्या पेटीसाठी मी लॅपटॉपवर वेगळा युजर केलाय. त्याचं नाव 'पाहुणा'. माझ्या फाइल्स, माझ्या किल्ल्या, आण्णांच्या पेन्शनची कागदपत्रं, यातलं काहीही त्याला दिसत नाही. त्याच्या घरात ब्राउझर आहे आणि एक नाटकांची यादी आहे. ओसरीवर बसा, चहा घ्या, माजघरात येऊ नका.

दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी अपडेट होतं आणि पाहुणा बोलायचा बंद होतो. मग एक रविवार लॉग वाचण्यात जातो. सध्याही बंदच आहे. पेटी सुरू होते, किल्ली मागते, आणि सर्व्हर काही न बोलता फोन ठेवतो. वर्गणी या महिन्याच्या शेवटी संपतेय. काल आण्णांचा फोन होता. भरू का म्हणून विचारत होते.