भिंती सरकणारं घर

दोस्तांनो, रात्री तुमच्या घरात काय काय हलतं, कधी पाहिलंय? मी गिरगावातल्या चाळीत वाढले. दोन खोल्यांत आम्ही सातजण. जेवणं आटोपली की टीपॉय भिंतीला उभा व्हायचा, कॉटखालच्या गाद्या बाहेर यायच्या, मधल्या दोरीवर पडदा चढायचा. बैठकीच्या खोलीची पाच मिनिटांत झोपायची खोली! सकाळी पुन्हा उलटी कसरत. मला वाटायचं, जागा नाही म्हणूनच माणसं असं करतात. मोठं घर असतं तर कोण कशाला उचलाउचल करील?

पण ज्यांना हे सगळं मुद्दाम, हौसेनं हवं होतं अशा एका बाईंचं घर मी पाहून आले. चला, तुम्हालाही नेते.

हे घर नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात आहे. ॲमस्टरडॅमहून आगगाडीनं जेमतेम अर्धा तास. गावात सायकलीच सायकली! रस्ता ओलांडताना मोटारीपेक्षा सायकलींनाच जास्त जपावं लागतं. प्रिन्स हेंड्रिकलान नावाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना तपकिरी विटांची, एकमेकांना चिकटलेली शहाण्यासारखी घरं. आणि रांगेच्या अगदी टोकाला... हे काय? पांढऱ्या-करड्या पाट्या एकमेकींवर तोलून धरल्यासारख्या, मधूनच लाल, निळ्या, पिवळ्या, काळ्या दांड्या. वाटतं, कुणीतरी पुठ्ठ्याचं घर करून शेजारच्या भिंतीला टेकवून ठेवलंय.

हे घर 1924 साली बांधलं. ते बांधून घेणाऱ्या बाईंचं नाव ट्रूस श्रोडर. त्यांचे पती 1923 मध्ये वारले. पदरात तीन मुलं. बाईंना पैशाची तशी ददात नव्हती, पण उंच छताची, जड फर्निचरनं भरलेली ती जुनी घरं त्यांना नकोशी झाली होती. मोठी माणसं दिवाणखान्यात आणि मुलं कुठंतरी दूर आपापल्या खोलीत, हेही त्यांना पटत नव्हतं. मुलांनी आपल्याजवळ असावं, मोठ्यांच्या गप्पा ऐकाव्यात, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी गाठलं कुणाला, ठाऊक आहे? एका सुताराला! गेरिट रिटवेल्ट हे त्यांचं नाव. जन्म 1888 चा. शाळा लवकर सोडून ते अकरा-बाराव्या वर्षीच वडिलांच्या फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे रात्रीच्या वर्गांना जाऊन वास्तुकला शिकले. पण डोकं सुताराचं, तेही भलतंच चौकस. खुर्ची म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न त्यांना पडला. साध्या चौकोनी पट्ट्या आणि दोन फळ्या घेऊन त्यांनी एक खुर्ची केली. तिच्यात पट्टीत पट्टी खोचलेली नाही. पट्ट्या एकमेकींना चाटून पुढं जातात आणि आतून लाकडी खुंटीनं जोडलेल्या असतात. पुढे त्यांनी ती रंगवली : पाठ लाल, बैठक निळी, पट्ट्या काळ्या आणि पट्ट्यांची कापलेली टोकं पिवळी. लाल-निळी खुर्ची म्हणून ती आज जगभर ओळखली जाते.

आता घरात शिरू या. बुटांवर आवरणं चढवायची. नाजूक घर आहे, बरं का! खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि आणखी काही खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बोलायची नळी आहे. सामान घेऊन आलेल्या माणसानं आधी घंटा वाजवायची, उत्तर आलं नाही तर नळीत बोलायचं. म्हणजे बाई वर असल्या तरी जिना उतरायला नको.

खरी गंमत वरच्या मजल्यावर. जिना चढून आलात की एकच मोठी मोकळी जागा. भिंतीच नाहीत! मग आपल्याबरोबरचा वाटाड्या एक फळी ओढतो. सर्रर्र! जमिनीवरच्या आणि छताच्या खाचांतून ती सरकत येते. मग दुसरी, मग तिसरी. बघता बघता मुलाची खोली, मुलींची खोली, आईची खोली आणि बसायची जागा, अशा चार खोल्या तयार! सकाळी फळ्या मागं सारल्या की पुन्हा मैदान. रात्रीचे पलंग दिवसा बसायचे कोच होतात. एक कपाट तर खोक्यांवर खोकी रचल्यासारखं. कुठल्या खोक्यात काय ठेवायचं ते आधीच ठरलेलं. शिवणाचं सामान एकात, ग्रामोफोन दुसऱ्यात. आणि जेवणाच्या टेबलापाशी कोपऱ्याची खिडकी. तिची दोन्ही तावदानं उघडली की मध्ये खांबच नाही! घराचा कोपरा नाहीसा होतो आणि आपण हवेत बसल्यासारखे वाटतो.

तुम्ही म्हणाल, नगरपालिकेनं अशा घराला परवानगी दिली कशी? त्यावर दोघांनी युक्ती केली. नकाशावर वरच्या मजल्याला सरळ 'माळा' असं लिहून टाकलं!

घर जगावेगळं, तेव्हा हसणारेही भरपूर. धाकट्या हानला शाळेतली मुलं चिडवायची, "तू त्या वेड्या घरात राहतेस ना?" तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवाय फळी म्हणजे काही वीट नव्हे. इकडचं बोलणं तिकडं ऐकू जाणारच. आईला सगळे जवळ हवे होते, पण जवळ राहायचं तर थोडं सोसावंही लागतं. चाळीतल्या पडद्याचं तरी वेगळं काय होतं? मी भूगोलाची घोकंपट्टी करायचे तेव्हा पलीकडून आजोबा चुका सांगायचे!

पण हीच हान मोठी होऊन वास्तुविशारद झाली. त्या देशातल्या पहिल्या काही स्त्री वास्तुविशारदांपैकी एक. आणि आई? त्या 1985 मध्ये वारल्या. तोवर, म्हणजे सुमारे साठ वर्षं, त्या याच घरात राहिल्या.

एक दुःख मात्र झालं. घर बांधलं तेव्हा समोर मोकळी कुरणं होती. 1960 नंतरच्या काही वर्षांत अगदी समोरून उंचावरचा मोटाररस्ता गेला. कुरणं दिसेनाशी झाली. रिटवेल्ट इतके हळहळले, की आता घर पाडलं तरी चालेल असं त्यांना वाटलं. नशीब, कुणी ऐकलं नाही! 2000 साली युनेस्कोनं ते जागतिक वारसा यादीत घेतलं. खिडकीतून आजही मोटारी धावताना दिसतात.

परतताना मला आमचा तो पडदा आठवत होता. आम्ही त्याला अडचण समजत होतो. खरं तर तीही एक सरकती भिंतच होती. फक्त आम्ही तिच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

आता तुमची पाळी. टेप घेऊन तुमची खोली मोजा. आलेखाच्या कागदावर एक फुटाला एक चौकोन धरून तिचा नकाशा काढा. कॉट, टेबल, कपाट तेवढ्याच मापाचे कागदी तुकडे कापा आणि नकाशावर सरकवून बघा. कुठली वस्तू दिवसा एक आणि रात्री दुसरी होऊ शकेल? मात्र खरीखुरी कॉट हलवण्याआधी आजीला विचारा. तिची औषधं, चष्मा आणि जपमाळ कुठं ठेवायची, हे रिटवेल्टपेक्षा तिलाच जास्त कळतं!