जावा-जावा

तान्ह्या मुलाची दिवसाची झोप आणि रात्रीची झोप या काही सख्ख्या बहिणी नव्हेत. फार तर जावा-जावा म्हणा. नांदतात एकाच घरात, पण दोघींची माहेरे निराळी.

दिवसाच्या झोपेचे माहेर शीण. जागेपणी तो साचतो आणि बाळ निजते. कुणाच्या खांद्यावर, भांड्यांच्या खडखडाटात, कुठेही. रात्रीच्या झोपेचे माहेर अंधार. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते, आणि उजेड-अंधाराची वर्दी त्याला डोळ्यांवाटे पोहोचते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य पाझरू लागते आणि अंग किंचित निवते. देहातल्या घड्याळाचे कळसूत्र उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण बाळाचे हे घड्याळ जन्मतःच लागलेले नसते. ते चालीला लागायला दोन-तीन महिने जातात.

माझी नात आता तीन महिन्यांची झाली. पहिले काही आठवडे दिवसाचे १४ ते १७ तास ती झोपे, पण तुकड्यातुकड्यांनी. रात्री दोनला टक्क जागी. शेजारणी म्हणाल्या, "दिवसा झोपूच देऊ नका हो, म्हणजे रात्री निमूट निजेल." लेकीने एक दिवस तेही करून पाहिले. शिणून चिडलेली पोर रात्रभर रडली, आणि पहाटे लेकही रडू लागली. रात्रीचा दिवस पोरीने नव्हे, तिच्या आईने केला होता!

दिवसाची झोप हिरावली म्हणून रात्रीची वाढत नाही. एकीचे दागिने दुसरीच्या अंगावर घालण्यातलाच तो प्रकार. त्यापेक्षा दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्या, घरातले आवाज होऊ द्यावे. रात्री दिवा मंद, बोलणे हलके, आणि दूध पाजून झाले की लाडीगोडी नाही. आईच्या रात्रीच्या दुधातही थोडे मेलाटोनिन असते. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतेच. बाळाची स्वतःची रात्र होईपर्यंत आई आपली रात्र अशी उसनी देते.

देणाऱ्याची गाठही रिकामी होऊ नये. म्हणून दुपारी नात निजली की मी लेकीलाही निजायला लावते. कपड्यांच्या घड्या चार वाजेपर्यंत खोळंबतात. आजवर त्यांचे काही बिघडलेले नाही.