केबल कुठून येते?

कोलकाता, १२ जुलै

ती. बाबांस, सा. न.

सुखरूप पोचले. इथल्या सॉल्ट लेक भागात आधी खारं तळंच होतं. गंगेचा गाळ आणून बुजवलं आणि वस्ती केली. साहा इन्स्टिट्यूट आणि सायक्लोट्रॉन केंद्र इथे शेजारी शेजारी आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये ‘ॲलिस’ हा प्रयोग चालतो. त्यातली ‘मानस’ नावाची चिप साहा इन्स्टिट्यूटमध्ये आखली, चंदीगडजवळ बनली. कण जिथे एकमेकांवर आदळतात, तिथून काही मीटरवर ती बसवली होती. हे ऐकून ऊर भरून आला.

निघताना तुम्ही विचारलंत, नेमकं काम काय? टकरीतून उडालेले कण आजूबाजूच्या पेट्यांना, म्हणजे वीजपुरवठ्याला, कंट्रोल कार्डांना, किती मार देतील ते पेटी बसवण्याआधी काढायचं. न्यूट्रॉन सिलिकॉनमधला अणू जागचा हलवतो. असे पुष्कळ हलले की सेन्सर निकामी होत जातो. कधी एकच कण चिपच्या मेमरीत शून्याचा एक करून जातो आणि चांगली पेटी भलतंच वागते. सर्नमधून ७३० किलोमीटरवर इटलीत न्यूट्रिनो पाठवायचा प्रकल्प होता. २००७ साली तो काही काळ थांबवावा लागला, कारण हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेची इलेक्ट्रॉनिक्स या माऱ्यानं बंद पडली. पंख्याच्या कंट्रोलपायी एवढं काम अडलं!

आईला सांगा, जेवणाचे हाल नाहीत.

तुमची,
सुमी

कोलकाता, १७ जुलै

ती. बाबांस, सा. न.

चार दिवस ‘फ्लूका’ या प्रोग्रॅमवर बसले आहे. तो एकेक कण सोडतो, कुठे धडकेल, काय फुटेल ते नशिबाचे आकडे टाकून ठरवतो. असे लाखो कण सोडले की कुठल्या पेटीला किती ग्रे डोस बसेल ते दिसतं. (एक किलो वस्तूत एक ज्यूल ऊर्जा मुरली, की एक ग्रे.)

मी काँक्रीटची जाड भिंत घातली, पेटी तिच्यामागे ठेवली. आकडा छान कमी आला. इथल्या एका वरिष्ठ दादांनी पडद्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “केबल कुठून येते?” भिंतीत भोक ठेवायलाच विसरले होते मी. हाताएवढं सरळ भोक घातलं आणि न्यूट्रॉन त्यातून थेट पेटीवर. डोसच्या नकाशावर भिंतीतून निघालेला लाल पट्टा दिसत होता.

तेव्हा द्राक्षबागेतलं आपलं स्टार्टरचं खोकं आठवलं. केबल शिरते तिथूनच पाणी शिरतं, म्हणून तुम्ही केबलला खाली वाक देऊन मग वर घेता. इथेही तेच करतात. भोकाला वळणं देतात. न्यूट्रॉन सरळ धावतो, वळणावर भिंतीला थडकतो आणि दर थडकेला मंदावतो. मी दोन वळणं दिली, आतून बोरॉन घातलेलं पॉलिथिन लावलं. मंदावलेला न्यूट्रॉन बोरॉन गिळतो.

रात्री गणित लावून आले. बाहेर धो धो पाऊस आहे. सकाळी लाल पट्टा कुठवर येतो ते पाहीन, मग फोन करते.

तुमची,
सुमी