सोबत की ऐवजी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भिलाईला घरी पोहोचलो, तेव्हा आबांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट टीव्हीशेजारी पडला होता. यकृतात गाठ. सेक्टर ९ च्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन करायला सांगितलं होतं आणि आबा "दिवाळी होऊ द्या" म्हणत होते. आबा स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झाले. मूळचे भंडाऱ्याचे, दारूला कधी शिवले नाहीत. त्यामुळे ‘लिव्हर’ हा शब्दच त्यांना अपमानासारखा वाटत होता. (पुढे रक्ततपासणीत जुनी हिपॅटायटिस बी निघाली. तिच्यामुळेही हा कॅन्सर होतो, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.)

त्याच आठवड्यात एका नातेवाइकांनी एन्झाइमच्या कॅप्सूलचा डबा आणला. केमोची गरज नाही, यानेच गाठ विरघळते, असं म्हणाले. आबांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "तू सायन्स शिकतोस ना बेटा, पाहून सांग."

मी फोनवर शोधलं. एन्झाइम, केमोथेरपी, लिव्हर कॅन्सर हे तिन्ही शब्द एकाच ओळीत सापडले. पुढची ओळ वाचली नाही. "हो आबा, यावर खरंच संशोधन चालू आहे," एवढंच बोललो आणि शाळेत परतलो. आबांनी कॅप्सूल सुरू केल्या. सीटी स्कॅन राहिला तो राहिलाच, सहा आठवडे.

नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांना मी कॅप्सूलबद्दल विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, एन्झाइम म्हणजे प्रथिन. ते गिळलं तर पोट बहुतेक डाळीसारखं पचवून टाकतं. गिळलेल्या एन्झाइमने यकृतातली गाठ विरघळते याला पुरावा नाही. तू वाचलंस ते एन्झाइम निराळं, ते टोचून देतात.

शाळेत आल्यावर मी ते नीट वाचलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये अ‍ॅस्पॅरजिनेज हे एन्झाइम कित्येक दशकं वापरात आहे. १९५३ मध्ये जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधल्या गाठी मरताना दिसल्या. त्यामागे हे एन्झाइम आहे, हे १९६१ मध्ये जॉन ब्रूम यांनी दाखवलं. या कॅन्सरच्या पेशींना अ‍ॅस्पॅरजिन हे अमिनो आम्ल स्वतःला पुरेसं बनवता येत नाही, त्या ते रक्तातून घेतात. एन्झाइम रक्तातला साठाच तोडतं. यकृताच्या कॅन्सरच्या पुष्कळ पेशींचं अर्जिनिनबाबत तसंच असतं, म्हणून अर्जिनिन डिइमिनेज हे एन्झाइम आलं.

म्हणजे रसद तोडणं. आपल्याला पालखेड पाठ आहे. १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाचं पाणी आणि दाणागोटा तोडला. पण भोवती फौज उभी होती. फौज नसती तर निजामाने दुसरी वाट काढलीच असती. पेशी तेच करतात, उपाशी ठेवल्या की अर्जिनिन पुन्हा स्वतः बनवायला लागतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यकृताच्या कॅन्सरचे ६३५ रुग्ण होते. एकटं एन्झाइम घेणारे मध्यमानाने ७.८ महिने जगले, नुसतं बनावट औषध घेणारे ७.४ महिने. म्हणजे फरक नाहीच. म्हणून एन्झाइमला केमोची जोड देऊन पाहू लागले. फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत हेच एन्झाइम दिल्यावर ७.७ चे ९.३ महिने झाले, तो अहवाल २०२४ चा. यकृतासाठी ती जोडी अजून नेहमीचा उपचार झालेली नाही. मी न वाचलेल्या ओळीत ‘सोबत’ हा शब्द होता. डबा आला होता तो ‘ऐवजी’ म्हणून.

आबांवर जानेवारीत जो उपचार झाला, त्यात एन्झाइम नाही, पण डाव तोच. निरोगी यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, गाठीला मात्र मुख्यतः यकृत-धमनीतून. जांघेतून बारीक नळी घालून त्या धमनीच्या गाठीकडे जाणाऱ्या फांदीत केमोचं औषध सोडतात आणि लगेच ती बंद करतात. हल्ला आणि नाकेबंदी एकदम.

सहा आठवड्यांत गाठ किती वाढली, हेही मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाचा सीटी नाही. तुलना कशाशी करू?"

दुर्गहून नागपूरला जाताना आबा दर वेळी खिडकीतून खाली बोट दाखवतात, "हे रूळ आमचे." त्या दिवशी गप्प होते. गोंदिया गेल्यावर मी सांगून टाकलं, की आबा, मी पूर्ण न वाचताच हो म्हणालो होतो. ते बराच वेळ बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं रूळसुद्धा सोनोग्राफीसारख्याच मशीनवर तपासत. तपासल्याबिगर एक रूळ मिलबाहेर जात नसे. तू कसा जाऊ दिलास बेटा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी डब्यातली पोळी माझ्या हातात दिली.

पुढचा सीटी एप्रिलमध्ये आहे. तारीख आबांनी स्वतः कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे आणि रिपोर्ट आल्यावर आधी मला पाठवायला सांगितलं आहे.