मृण्मयीतला ण

'मृण्मयी' हे मुलीचे नाव महाराष्ट्रात मूर्धन्य ण घालून, म्हणजे जिभेचे टोक वर टाळूकडे वळवून उच्चारल्या जाणाऱ्या वर्णाने लिहितात, आणि तेच नाव बंगालमध्ये दातांशी उमटणाऱ्या दंत्य न ने लिहिले जाते. गो. नी. दांडेकरांच्या 'मृण्मयी' या कादंबरीच्या नावात ण आहे. उलट रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'समाप्ती' या १८९३ सालच्या कथेत गावातल्या मुलांबरोबर हुंदडणारी आणि पुढे १९६१ मध्ये सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या' या चित्रपटातून पडद्यावर आलेली नायिका मृन्मयी आहे. बारशाआधी नावाचे शुद्धलेखन विचारणाऱ्या आईबापांना यातले कोणते सांगावे, हा प्रश्न दिसतो त्याहून बराच जुना आहे.

अर्थाविषयी मात्र संशय नाही. मृद् म्हणजे माती, आणि 'मय' हा प्रत्यय एखाद्या वस्तूपासून घडलेले किंवा तिने भरलेले असे दोन्ही अर्थ दाखवतो. म्हणून मृण्मयी म्हणजे मातीची, मातीने घडलेली. 'मातीची' हा अर्थ ऐकून काही घरे बिचकतात, आणि त्यांचे बिचकणे अगदीच निराधार नाही, कारण ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाला विनवतो तेव्हा मातीच्या घरात, म्हणजे मृत्यूच्या घरी, इतक्यात जावे लागू नये, एवढेच त्याचे मागणे असते. परंतु बंगालमध्ये दुर्गेची मूर्ती मातीची असते म्हणून ती मृन्मयी, आणि तिच्यात चैतन्य आले की तीच चिन्मयी, अशी जोडी भक्तांच्या तोंडी आहे. मुलीच्या नावाला याहून सुंदर शेजार मिळणे कठीण.

'चित्' आणि 'मय' मिळून चिन्मय होते, 'वाच्' आणि 'मय' मिळून वाङ्मय होते, तसेच 'मृद्' मधला द् पुढच्या म मुळे अनुनासिक होऊन न् बनतो. आता संस्कृतात ऋ, र किंवा ष यांच्यामागून एकाच पदात येणाऱ्या न चा ण होतो, असाही नियम आहे. मग मृ च्या लगत बसलेला हा न् त्यातून सुटतो कसा? पाणिनीने अष्टाध्यायीच्या अखेरच्या तीन पादांतील सूत्रांना एक विलक्षण अट घातली आहे: तेथे नंतरच्या सूत्राने केलेला बदल आधीच्या सूत्राला दिसत नाही, आणि अशा न दिसणाऱ्या बदलाला व्याकरणकार 'असिद्ध' म्हणतात. ण करणारे सूत्र आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादात अगदी आरंभी आहे, तर द् चा न् करणारे त्याच पादात पंचेचाळिसावे आहे. म्हणजे ण करायला निघालेल्या सूत्राला तेथे न् सापडतच नाही. त्याच्या लेखी त्या जागी अजून मृद् चा द् आहे, अजून मातीच आहे. नियमांच्या यंत्रणेत शब्दाचे मूळ द्रव्य असे शाबूत राहावे, यात व्याकरणाइतकेच काव्यही आहे, आणि केवळ यासाठी दंत्य न चे रूप ज्याला त्याला एकदा तरी समजावून सांगावेसे वाटते.

तरीही मराठीने ण घेतला. बंगालीत ण ची अक्षराकृती आहे, पण तिचा निराळा उच्चार उरलेला नाही. मराठीत तो पाणी, लोणी, अंगण, आठवण यांतून दिवसभर जिभेवर असतो, आणि मृणालसारखा शेजारी शब्द कानात असताना मृ पाठोपाठ ण येणे या जिभेला स्वाभाविक वाटते. गंमत अशी, की याच मृद् पासून झालेल्या 'मृत्तिके'ची हिंदीत ट घेऊन मिट्टी झाली, तर मराठीने माती म्हणताना दंत्य त जपला. हा ण मराठीच्या कानाने घडवलेला आहे आणि तो मराठी नावात राहावा, हेच योग्य. रोमन लिपीत मराठी माणूस ऋ साठी यू लिहितो आणि हिंदी किंवा बंगाली माणूस आय, तेही आपापल्या उच्चाराला धरूनच आहे. फक्त देवनागरीत 'म्रुण्मयी' लिहिणे टाळावे, कारण त्यात ऋ हा स्वरच हरवतो.

काही घरांत अजूनही ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव रेखतात. म च्या दंडाखाली ऋकाराची आकडी वळवताना दाणे घसरून खाच बुजते, ती पुन्हा ओढावी लागते, मग शेवटचा दंड गाळून अर्धा ण, आणि यी ची वेलांटी ताटाच्या काठाला टेकते. तेवढ्यात आत्या पाळण्यावर वाकून कुर्र करते आणि बाळाच्या कानात जे नाव सांगते, त्यात ण स्पष्ट ऐकू येतो.