त्रिरश्मीच्या पायऱ्या आणि रात्रीचा गोळा

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागलात, की त्रिरश्मी डोंगर दिसतो. सुमारे २०० पायऱ्या चढल्यावर पांडवलेणी येतात. एकूण २४ लेण्यांपैकी दहाव्यापाशी थोडे थांबावे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, एक शिलालेख तेथे आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने तेली व इतर कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. तिच्या व्याजातून येथील आजारी भिक्षूंना औषधे मिळावीत, हा तिचा हेतू होता.

औषधासाठीचा पैसा नेमक्या उपचारावर खर्च व्हावा, हे आपणही पाहावे. सवय नसताना पायऱ्या चढल्या-उतरल्या, की रात्री पोटरीत गोळा येऊन झोप मोडू शकते. मग कोणीतरी मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवतो. परंतु ज्येष्ठांवरील चाचण्यांत त्या बिनऔषधी गोळीपेक्षा फारशा सरस ठरलेल्या नाहीत. त्यांनी जुलाब होऊ शकतात. मूत्रपिंड दुर्बल असेल, तर मॅग्नेशियम रक्तात साठून धोका संभवतो. क्विनीन तर स्वतःहून मुळीच घेऊ नये. त्याने रक्तातील प्लेटलेट घटू शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते.

त्यापेक्षा बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात ५५ वर्षांवरील ८० व्यक्ती होत्या. सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी पोटऱ्या व मांड्यांचे मागचे स्नायू ताणणाऱ्यांचे गोळे कमी झाले. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घ्यावा. टाच जमिनीवर ठेवून दहा सेकंद पुढे झुकावे. प्रत्येक पायाने तीनदा करावे. तोल जात असेल, तर घरच्यांनी जवळ उभे राहावे.

गोळा आलाच, तर गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढावे व पोटरी हलके चोळावी. पांघरूण पायांशी घट्ट खोचू नये.

गोळे वारंवार येत असतील, तर सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळीही कारण असू शकते; मात्र ती परस्पर बंद करू नये. एकाच पायाला सूज आली, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर राहत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्यात. लघवीसाठी उठणे किंवा घोरणे यांमुळे झोप मोडत असेल, तर उपचारही निराळा.

गुडघे नको म्हणत असतील, तर पायथ्याशी फेरी मारावी. डोंगर तेथूनही सुंदर दिसतो.