ये-जा करणारी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत मांजर कुणी पाळत नाही, तरी मांजरीशिवाय एक घर नाही. सकाळी ती मटणाच्या दुकानाच्या फळीखाली, दुपारी आमच्या बाजेखाली आणि थंडीत पलीकडच्या यंत्रमागाच्या खोलीत सुताच्या ढिगावर. आम्ही घरात दखनीत तिला बिल्ली म्हणतो. शेजारच्या तेलुगू विणकर बाई पिल्ली म्हणतात, त्यांच्या भाषेत मांजराला तोच शब्द. दोन्ही हाकांना ती येते, दूध मात्र जिथे आधी मिळेल तिथे पिते.

सून पोटुशी असताना तिला हाकलून द्या, असं सांगणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची. तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो, तसाच अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. तेव्हा घाण सुनेने उपसायची नाही, हात धुवायचे, मटण चांगलं शिजवायचं. मांजरी राहिली. नात झाली, रांगू लागली आणि 'अम्मी'च्या आधी 'म्याँव' म्हणायला शिकली.

सून आणि नात इतके दिवस सोलापुरात होत्या, कारण मुलाला मुंबईत घर मिळत नव्हतं. पगार होता, अनामत रक्कम तयार होती. फोनवर बोलणं ठरायचं, मग पूर्ण नाव विचारलं जायचं आणि घर 'आताच दुसऱ्याला दिलं' असायचं. शेवटी एक मिळालं. अकरा महिन्यांचा करार. प्राणी ठेवायचे नाहीत, ही त्यातली एक अट. मुलाने वाचलीही नसेल. एवढ्यावर घर मिळतंय म्हटल्यावर अटी कोण वाचतो?

वंदे भारतने आम्ही तिघी निघालो. २०२३ च्या फेब्रुवारीत ही गाडी सुरू झाल्यापासून लेकराला घेऊन रात्र डब्यात काढावी लागत नाही. दुधाची बाटली, गरम पाण्याचा थर्मास, लंगोटांची पिशवी आणि अंथरायला आपली सोलापुरी चादर. नात निम्मी वाट झोपली. मुंबईच्या घरी मात्र आल्या दिवसापासून पलंगाखाली वाकून म्याँव म्याँव करत शोधायची आणि कुणी सापडलं नाही की रडायची.

रविवारी मुलगा म्हणाला, "अम्मी, मांजरांचा कॅफे आहे, चला." मला वाटलं थट्टा करतोय. त्यानेच सांगितलं, पहिला असा कॅफे १९९८ साली तैवानच्या तैपेई शहरात निघाला. २००४ मध्ये जपानच्या ओसाकात एक निघाला आणि मग जपानभर त्यांचं पेव फुटलं. तिथे भाड्याच्या लहानशा घरांत प्राण्यांना बहुधा बंदी, म्हणून लोक तासाचे पैसे मोजून मांजरीजवळ बसतात. आपल्याकडे वर्सोव्याच्या 'कॅट कॅफे स्टुडिओ'ने २०१० नंतरच्या दशकात हे मुंबईत आणलं. रस्त्यावरून वाचवलेली मांजरं ठेवायची आणि त्यांना घरं शोधून द्यायची.

आम्ही गेलो ते अशाच एका ठिकाणी. चपला बाहेर, हात धुऊन आत. झोपलेल्या मांजराला उठवायचं नाही, उचलायचं नाही, लेकरू मांडीवरच ठेवायचं. एक करडी मांजरी जवळ आली तशी नात झेपावली. "अम्मी, नक्को, पंजा मारेंगी!" सून ओरडली. तिची भीती खोटी नव्हती. ओरखडा निघालाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. मी नातीची मूठ धरली, बोटं उघडली आणि पाठीवरून केसांच्या दिशेने फिरवली. मांजरी बसून राहिली. नात पहिल्यांदाच गप्प झाली.

मला अबू कतादांची हदीस आठवली. वुजूच्या पाण्याला मांजरीने तोंड लावलं तर त्यांनी भांडं तिच्यापुढे कलतं केलं आणि सांगितलं की पैगंबरांनी तिला नापाक मानलेलं नाही; ती तुमच्यात ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. आणि दुसरी, मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची. तिने खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही. इथे खायला भरपूर होतं, प्रेम होतं, औषधपाणी होतं. ये-जा तेवढी नव्हती. दुहेरी दाराच्या काचेशी एक काळं मांजर बसून रिक्षा बघत होतं. खाली रस्त्यावर त्याचं काय झालं असतं हेही मला कळत होतं, त्यामुळे कुणाला दोष द्यावासा वाटला नाही.

निघताना मुलाने सहज दत्तक घ्यायचा अर्ज मागितला. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असल्यास घरमालकाची परवानगी आहे का? तो वाचता वाचता हसला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

करार संपायला अजून सात महिने आहेत. मग पुन्हा दलाल, पुन्हा पूर्ण नाव. मुलाला मी सांगितलंय, त्यांचे प्रश्न झाले की आपलाही एक विचारायचा: मांजर चालेल का?